टोळी हलली

"टोळी हलली," चिटबॉय सांगतो. मोटारसायकल बंदही करत नाही, एक पाय रस्त्याला टेकवून बोलतो. "काल सांजच्यालाच. तो फड संपला न्हवं. आता ओढ्याच्या पलीकडं, पाण्याच्या टाकीमागं हायती."

सिस्टर हातातल्या कागदाकडे बघते. कागद तीन दिवसांपूर्वीचा आहे. बत्तीस कोप्या, पाच वर्षांखालची अकरा मुलं, गरोदर चार, आणि पत्त्याच्या रकान्यात एका बागायतदाराचं नाव. त्या बागायतदाराचं शेत आता समोर रिकामं पडलंय. उसाचे बुडखे, गुडघाभर पाचट, तीन-तीन दगडांच्या विझलेल्या चुली. एका चुलीजवळ लहान मुलाची एकच चप्पल.

कृष्णाकाठचा हा सांगली जिल्ह्यातला भाग. संक्रांत होऊन आठवडा झालाय, चार वाजून गेलेत आणि हवेत मळीचा आंबूस वास आहे. आमचा ताफा छोटा आहे. उपकेंद्राची सिस्टर, गावची आशाताई आणि मागच्या सीटवर निळा डबा बांधलेला आरोग्यसेवक. त्यांच्यामागे मी. डब्यात गार पॅकांच्या मधोमध लसी आहेत. एरवी हा डबा सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून निघतो आणि सत्र उरकून उजेडात परत जातो. आज तो दुपारी तीनला निघालाय. सिस्टरनं डॉक्टरांकडून तशी परवानगी काढली आहे, कारण सत्राच्या नेहमीच्या वेळेत ऊसतोडीची बाई कोपीवर सापडत नाही. ती पहाटे चारला भाकरी थापून फडात गेलेली असते.

चिटबॉय मोबाइल पुढे करतो. कारखान्याच्या शेतकी खात्याचा तो माणूस. कुणाचा ऊस आज तुटणार, कुठली टोळी कुठल्या शिवारात आहे, टोळीत किती कोयते, काल किती टन पडला, सगळं त्याच्या बोटाखाली. एका कोयत्यात नवरा-बायको दोघंही धरलेली असतात, त्यामुळे यादीत बाई कुठंच दिसत नाही. पण जागा दिसते, आणि ती आजची असते. तुटलेला ऊस वाळायला लागला की वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो, म्हणून तोडणारा कुठं आहे हे कारखान्याला घटकेघटकेला माहीत असावं लागतं. बाळाचा डोस चुकला तर तो कुठल्याच काट्यावर दिसत नाही.

"मला रोज टाकत जा की हे," सिस्टर म्हणते.

"ग्रुप कारखान्याचा हाय सिस्टर. भायेरच्याला घेत न्हाईत."

"भायेरची? तुझ्या दोन्ही पोरांना पोलिओ कुणी पाजला रे?" आशाताई विचारते.

तो हसतो आणि सिस्टरचा नंबर टिपून घेतो.

ओढा उतरताना डबा घसरतो, आरोग्यसेवक एका हातानं सावरतो. पलीकडे टाकीच्या मागं कोप्या उभ्या राहायला लागल्यात. बांबूच्या कमानी, वर पाचट, त्यावर निळा-काळा प्लास्टिक कागद. काही अजून अर्ध्याच आहेत. आत वाकूनच जाता येतं. टाकी आहे, पण तिचं पाणी शेताचं. पिण्याचं पाणी पाव कोसावरच्या हातपंपाचं. संडास नाही. कोप्यांमधून बैल बांधलेत आणि बैलांच्या मधून पोरं खेळतायत. मोठी माणसं म्हणाल तर दोन म्हाताऱ्या आणि एक पायाला फडकं बांधलेला पुरुष, बाकी सगळं राज्य पोरींचं. नऊ-दहा वर्षांची एक पोरगी कडेवर भाऊ घेऊन येते आणि आमच्याकडे न बघता डब्याकडे बघते.

"सुई हाय का?"

"आहे. तुझं नाही, त्याचं. आई कवा यील?"

"गाडी भरली की."

"शाळेत जातीस का?"

"नाव हाय गावाकडं," ती म्हणते आणि भावाचं नाक फ्रॉकला पुसते.

गाव बीड जिल्ह्यातलं, शिरूर कासार तालुक्यातलं. या टोळीतली निम्मी माणसं तिथली, उरलेली पाथर्डीकडची. दसरा-दिवाळी झाली की तिकडची गावं ओस पडतात. ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्यांचा आकडा आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत कसाही सांगितला जातो, आणि एवढ्या मोठ्या फरकाचं कुणाला काही वाटत नाही. तिकडच्या उपकेंद्राच्या यादीत ही मुलं आहेत, पण 'बाहेरगावी' असा शेरा मारून. इकडच्या उपकेंद्राचा हिशेब पाच हजार लोकसंख्येवर बांधलेला, त्यात ती धरलेलीच नाहीत. दोन रजिस्टरांच्या मधल्या पाच-सहा महिन्यांत मूल रांगायला लागतं, उभं राहतं, कधी गोवर काढतं.

बाभळीखाली आशाताई पटकूर अंथरते. शेजारच्या वस्तीवरून प्लास्टिकची खुर्ची मागून आणते. सुया तोडायचं हब कटर, लाल पिशवी, काळी पिशवी, कापूस, वजनाचा काटा. काटा बाभळीच्या फांदीला लटकवतात. एवढी मांडामांड होईस्तोवर बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज येतो. गड्यांनी भरलेल्या गाड्या कारखान्याकडे वळवल्यात, ते आता तिथल्या रांगेत रात्र काढतील. बाया डोक्यावर वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे घेऊन चालत येतात. अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. वाढ्याचे भारे गावात विकले की मिठामिरचीचा खर्च निघतो, त्यामुळे दोघीतिघी थांबतच नाहीत, तशाच गावाकडे वळतात.

"ए बाई, आधी लेकरू दाखव, मग वाढं विक," आशाताई ओरडते. एक परत फिरते.

खरं काम आता सुरू होतं. सुई टोचायला काही सेकंद लागतात. कुठली टोचायची हे ठरवायला मात्र तपास करावा लागतो, आणि सिस्टर तो एखाद्या मुरलेल्या फौजदारासारखा करते.

"कार्ड?"

"गावाला राहिलं. सासूपाशी."

"डोस किती झाले?"

"झाले की. दोन. का तीन झाले, ध्यानात नाही."

सिस्टर बाळाच्या डाव्या दंडावर बोट फिरवते. बीसीजीचा बारीक व्रण आहे. म्हणजे जन्म दवाखान्यातला, किंवा निदान पहिल्या महिन्यांत कुणीतरी गाठलंय.

"कवा झालं हे? पंचमीच्या मागं का पुढं?"

"पंचमीच्याच दिवशी."

"मग पहिला डोस गणपती गेल्यावर."

"हां, पितरं लागली व्हती."

"दुसरा?"

"दसऱ्याच्या मागून. ते झालं की आम्ही गाडी भरलीच."

सिस्टर बोटांवर मोजते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला डोस. तिसरा दिवाळीनंतर पडायचा होता, तेव्हा हे बाळ ट्रकमध्ये भांड्यांच्या पिंपाला टेकून आईच्या मांडीवर होतं. तरी ती नुसत्या सांगण्यावर विसंबत नाही. सासूला फोन लावायला लावते. सासूला वाचता येत नाही, ती शेजारच्या पोराला हाक मारते, ते पोर पेटीतून कार्ड काढतं, फोटो पाठवतं. फोटो धूसर आहे आणि कार्डाच्या कोपऱ्याला हळद लागलीय, पण दोन तारखा वाचता येतात. दोनच. पंचमीचं बाळ वजनाच्या झोळीत बसतं, मग दोन्ही मांड्यांत सुई घेतं, दंडावर घेतं, तोंडातून थेंब घेतं आणि टाकीपर्यंत ऐकू जाईल असं रडतं. आई पदरानं डोळे पुसते. त्याचे आधी, मग स्वतःचे.

आता यू-विन आहे. मोबाइल नंबर टाकला की देशात कुठंही दिलेला डोस पडद्यावर दिसावा अशी सोय. आशाताई नंबर विचारते तेव्हा पहिल्या तिघी एकच नंबर सांगतात. टोळीच्या मुकादमाचा. चौथी नवऱ्याचा सांगते, पण ते सिम दिवाळीला बंद पडलंय. सिस्टर वैतागत नाही. पोर्टलमध्ये घालायचं ते घालते आणि शिवाय नव्या कार्डाच्या पाठीमागे निळ्या पेनानं तीन नंबर लिहिते. स्वतःचा, आशाताईचा आणि बाईच्या गावच्या आशाचा. तो तिसरा नंबर मिळवायला तिनं मागच्या हंगामापासून वही ठेवलीय. माझ्या मते या सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत मोलाचं दप्तर ती चाळीस पानी वही आहे, आणि तिला सरकारी नमुना क्रमांक नाही.

दहा महिन्यांचं एक मूल येतं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस बाकी. आरोग्यसेवक डब्यात हात घालून थांबतो.

"मॅडम, एकाच पोरासाठी फोडायची? चार तासांत टाकून द्यावी लागंल."

"फोड. एकासाठीसुद्धा फोडायची असंच सांगितलंय ना ट्रेनिंगला? आणि दुसरं सापडतंय का ते बघू."

कुपीवरची उष्णतेची खूण ती उजेडात धरून बघते. आतला चौकोन भोवतीच्या वर्तुळापेक्षा फिका आहे, म्हणजे लस उष्णतेनं बिघडलेली नाही. कुपीवर वेळ लिहिली जाते, पाच वाजून दहा मिनिटं. आशाताई कोप्यांमधून फिरते आणि खरंच आणखी दोन मुलं घेऊन येते. एक अडीच वर्षांचा गडी मात्र तिच्या हातून निसटतो, वाढ्यांच्या ढिगामागं जातो आणि तिथून फक्त त्याचे पाय दिसतात. त्याला दुसरा गोवर आणि बूस्टर द्यायचाय. दोनदा ओढून काढतात, दोनदा तो पळतो. पोरांची करमणूक होते.

अशा तळांवर यंत्रणा पहिल्यांदा नेटानं पोचली ती पोलिओमुळे. वीटभट्ट्या, पालं, बांधकामांवरच्या झोपड्या, ऊसतोडीच्या कोप्या, यांच्या वेगळ्या जोखमीच्या याद्या करायला लागल्या, कारण एक मूल सुटलं तर विषाणू तिथून परत गावात शिरतो हे कळलं होतं. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, पश्चिम बंगालमधला. 2014 च्या मार्चमध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. आरोग्यसेवक त्या काळातला आहे. घरावर खडूनं खूण करायची असे, तो सांगतो, आणि पाचटावर खडू उमटायचा नाही. मग ते चुलीच्या दगडावर खूण करायचे. मला एक गोष्ट टोचत राहते. पत्ता नसलेल्या मुलाला शोधायची रीत आपल्याला येते. साथ आपल्या दारात येण्याची भीती होती तेव्हा ती आली. बाईच्या अंगातलं रक्त कमी असण्याची साथ लागत नाही.

ते रक्त आता समोर आहे, एका पोरीचं. सातवा महिना, पहिली खेप नव्हे, दुसरी. वय विचारल्यावर ती सासूकडे बघते.

"एकोणीस," सासू सांगते.

पापणी खाली ओढून सिस्टर आतला रंग बघते आणि काही न बोलता बोटाला टोचते. छोट्या यंत्रावर हिमोग्लोबिनचा आकडा येतो, 7.6. अकरा तरी हवा. रक्तदाब ठीक. पोटाला कान लावायचं यंत्र लावून सिस्टर बाळाचे ठोके ऐकते, मग ते तिलाही ऐकवते. पहिल्यांदाच या पोरीच्या चेहऱ्यावर काही हलतं.

"लाल गोळ्या घेतीस का?"

"घेत व्हते. काळं व्हतंय शौचाला. अन् मळमळ व्हती फडात."

"तिथं काळोखातच जावं लागतं, दिसतंय कुठं काळं," म्हातारी मध्येच म्हणते आणि सगळ्या हसतात. हसणं ओसरल्यावर तीच म्हातारी सांगते, की दिवसा बाया पाणीच पीत नाहीत. आडोसा नाही. ऊस उभा असेस्तोवर आडोसा, तुटला की सपाट.

डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणं या पोरीनं अजून सोडलेलं नाही. जोडीनं दिवसाला दीड-दोन टन पडला तरच हंगामाआधी घेतलेली उचल फिटते. गोळ्यांनी आता भागणार नाही, शिरेतून लोह द्यावं लागेल आणि ते ग्रामीण रुग्णालयात. सिस्टर बाजूला जाऊन फोन लावते. एक दिवसाआड पाच-सहा वेळा यायला लागणारं औषध हिच्या कामाचं नाही. एका बैठकीत होणारं आहे का, एवढंच तिला विचारायचंय. पलीकडून कुणी कुणाला हाक मारतं, कुणी कपाट बघून येतं. आहे. तिनं डोळे मिटून घेतलेत, बहुधा धुरानं.

या वेळात एक तिशीची बाई पटकुराच्या कडेला येऊन बसलीय. तिचं मूल नाही डोसाचं, ती गरोदर नाही. तिला पाठीची गोळी हवीय.

"पाळी?"

"पिशवी काढलीय. चार वर्सं झाली."

"कशानं?"

"अंगावरून जायचं पांढरं. डाक्टर म्हणाला, कॅन्सर व्हईल."

सिस्टर पुढं काही विचारत नाही. मी आसपासच्या बायांचे चेहरे बघतो, एकीच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासणीत 82309 बायांपैकी 13861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सतरा टक्क्यांच्या आसपास. त्यानंतर तिथं अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली, गावं सोडण्याआधी आणि परतल्यावर बायांची तपासणी करायचं ठरलं. चांगलं झालं. पण हा आकडा कुठून आला ते या तळावर उभं राहिल्यावर कळतं. अंगावर पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या औषधानं बरं होतं. ते औषध फुकट देणारा सरकारी दवाखाना दिवसा उघडा, तेव्हा ही फडात. रात्री उघडा असलेला खासगी दवाखाना एका कापाकापीत कायमचं मोकळं करतो, दर महिन्याचा खाडाही वाचवतो. कर्ज काढून तिनं स्वतःला कामाला सोयीचं करून घेतलं आणि आता पाठ दुखते. सिस्टर तिला कॅल्शियमच्या गोळ्या देते, रक्तदाब बघते, नाव लिहून घेते. नाव कुठल्या रकान्यात घालायचं यावर तिची आणि आशाताईची थोडी कुजबुज होते. या रजिस्टरात रकाने गरोदर बायांचे आहेत आणि मुलांचे आहेत.

मुकादम येतो तेव्हा अंधार पडलाय. मोटारसायकलचा दिवा त्यानं चालूच ठेवलाय, त्या उजेडात सिस्टर लिहितेय. त्याचं वय असेल चाळीस. त्याची आईही इथंच आहे, मघाची हसवणारी म्हातारी त्याचीच.

"मुकादम, ही पोरगी मला एक दिवस पाहिजे," सिस्टर थेट सांगते. "रक्त सात आहे तिचं. बाळंतपणात हातची जाईल."

"घ्या की. मी काय अडवतोय? खाडा पडंल एवढंच."

"खाडा तू लावणार ना?"

"मी न्हाई लावत, वही लावती. सिस्टर, माज्याबी डोक्यावर कारखान्याची उचल हाय. एक कोयता बसला की माझा टन कमी. एकीला सोडलं की उद्या चौघी उभ्या राहतील."

"चौघी आहेतच," सिस्टर म्हणते आणि यादी दाखवते.

आशाताईचा आवाज चढायला लागतो. सिस्टर हातानंच तिला थांबवते. भांडून एक दिवस मिळेल, आणि पुढच्या वेळी टोळी कुठं हलली ते कुणी सांगणार नाही, हा हिशेब तिला पाठ आहे. ती दुसरीकडून शिरते.

"कारखाना क्लिनिंगला कधी बंद आहे?"

मुकादम तिच्याकडे बघतो. "बुधवारी म्हणत्यात. बारा-चौदा तास."

"मग त्या दिवशी तोड नाही."

"न्हाई."

"म्हणजे खाडा नाही."

तो हसतो, मान हलवतो. "लई पोचलेल्या हाय तुम्ही."

"बुधवारी सकाळी 102 ची गाडी इथं येईल. चौघींना नेते, संध्याकाळी आणून सोडते. आणि क्लिनिंग पुढं गेलं तर मला फोन करायचा, मंगळवारीच. बाळंतपण कुठं करायचं ठरवलंय हिचं?"

"गावाला. पट्टा पडला की जाणारच की."

सिस्टर मोजते. दिवस भरतात मार्चच्या अखेरीला किंवा एप्रिलच्या सुरुवातीला. पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, तोही तेव्हाच. म्हणजे नववा महिना ट्रकवर, तीनशे किलोमीटर. ती काही बोलत नाही, वहीत बीडच्या आशाचा नंबर शोधते आणि तिला बोलून संदेश पाठवते. नाव, दिवस, रक्त, बुधवारी काय होणार ते. शेवटी म्हणते, "ही तुमच्याकडे पोचायच्या आधी मी कळवीन. तुम्ही स्टँडवरच गाठा."

आरोग्यसेवक डबा बांधतोय. त्याला तो केंद्रात पोचवून मग वीस किलोमीटर घरी जायचंय. सुया तोडून झाल्यात, लाल पिशवी बांधलीय. कोप्यांमध्ये चुली पेटल्यात. ती सातव्या महिन्यातली पोरगी अजून उभीच आहे.

"संगं कोण येईल माझ्या?"

"मी येते न्हवं," आशाताई म्हणते.

"अन् ह्याला कुटं ठिऊ?" ती वाढ्यांच्या ढिगाकडे बोट दाखवते. तिथून आता पायांबरोबर डोकंही बाहेर आलंय.

"त्याला आणच," सिस्टर कार्डावर बुधवार लिहीत म्हणते. "बूस्टर राहिलाय त्याचा."